एकशे वीस अक्षरांचा रकाना

आमच्या भूगोल विभागात एक सर आहेत. त्यांचं अक्षर वाचता येणारी माणसं जगात दोनच, एक त्यांचे वडील आणि दुसरी मी. वडिलांना मोतीबिंदू झाला तेव्हापासून सगळा भार माझ्या एकटीवर आहे. मी विभागाची टायपिस्ट. सव्वीस वर्षं झाली या खुर्चीत. शिक्षक मला बाई म्हणतात, मुलंमुली काकू म्हणतात, आणि आमचे हे घरी काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सरांना मुलं पाठीमागे 'कोरडे सर' म्हणतात. मलाही ते नाव बरोबरच वाटायचं. शेजारच्या वर्गातल्या मॅडम तास संपवून निघाल्या की त्यांच्याभोवती मुलींचा घोळका असायचा. सर मात्र आपले एकटे, खांद्याला पिशवी, शर्टाची एक कॉलर आत आणि एक बाहेर. त्यांच्या मागे शंका विचारायला कुणी आलंय असं मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे शंका विचारायची खरी हौस सरांनाच. माणूस इतका चौकस की समोरच्याला घाम फुटावा. एकदा मी कपाट भिंतीच्या दुसऱ्या बाजूला हलवून घेतलं. सर दारातच थांबले.

"कपाट इकडे का आणलंत?"

"त्याचं दार उघडत नव्हतं, सर."

"का उघडत नव्हतं?"

"फरशी उचलली गेलीय तिथली."

"कधीपासून?"

आता फरशी कधी उचलली गेली याची नोंद मी ठेवते का? पण सर गुडघ्यांवर बसले, पट्टी लावून फरशीची उंची मोजली, आणि खालून पाण्याचा नळ गेलाय का हे विचारायला शिपायाकडे गेले. यात कुणाला कामाला लावायचा हेतू नसतो. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असतं. मी मात्र तासभर त्यांच्या चहाच्या कपावर बशी झाकून बसले होते.

त्यांची अहवाल तपासायची पद्धतही अशीच जगावेगळी. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकेक चौक वाटून देतात. तिथली दुकानं, येणारी-जाणारी माणसं मोजायची, नकाशा काढायचा, तक्ते करायचे, निष्कर्ष लिहायचा. पहिला खर्डा, दुसरा खर्डा आणि मग अंतिम अहवाल, पन्नास गुणांचा. बाकीचे शिक्षक गठ्ठा घेतात आणि वरून खाली तपासत जातात. सर आधी प्रत्येकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवतात. पहिले पाच अहवाल हातात पेन न घेता वाचतात. मग बेचाळीसच्या बेचाळीस अहवाल खोलीभर नकाशाच्या पानावर उघडून मांडतात आणि एक स्टूल सरकवत फक्त नकाशे तपासतात. नकाशे संपले की सगळ्यांचे तक्ते. तक्ते संपले की निष्कर्ष. एकदा मी विचारलं, एवढी उठाठेव कशाला? तर म्हणाले, "एकाचा नकाशा दुसऱ्याच्या नकाशाशेजारी ठेवला तर मी दोघांना एकच माप लावतो. नाहीतर दुपारी पोट भरलं की मी उदार होतो." प्रत्येक खर्ड्याला आणि अहवालाला ते एक चिठ्ठी जोडतात. त्या चिठ्ठीवर शेरा, आणि तो शेरा संगणकात भरायचं काम माझं.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाने नवीन यंत्रणा आणली. अहवाल विभागात जमा राहणार, मुलांना गुण आणि शेरे पडद्यावर दिसणार. शेऱ्यासाठी एक रकाना, आणि त्या रकान्यात मावतात एकशे वीस अक्षरं. एकशे वीस अक्षरं म्हणजे काय हो? माझी किराणा मालाची यादीसुद्धा त्यात बसत नाही. मी संगणक विभागाला फोन केला. तिथले गृहस्थ म्हणाले, "बसवा हो बाई कसंतरी." मग मी बसवू लागले.

आणि मला ते जमतं, अशी माझी ख्याती होती. आधीच्या विभागप्रमुखांच्या तीन तासांच्या सभेचं इतिवृत्त मी पाऊण पानात आणायचे. ते म्हणायचे, "बाई, मला काय म्हणायचं होतं ते माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळतं." असं कुणी म्हटलं की माणसाचं डोकं थोडं वर जातंच. सरांच्या चिठ्ठ्यांमधलं पाल्हाळ मी काढायचे आणि मुद्दा ठेवायचे. सर पडद्याकडे कधी फिरकायचे नाहीत, त्यांना कागदच लागतो. त्यामुळे माझ्या कानावर तरी कुणाची तक्रार आली नव्हती.

ती आली यंदा. अंतिम गुण लागल्यावर तिसऱ्या दिवशी एक मुलगी हिरवं फोल्डर छातीशी धरून माझ्या टेबलासमोर उभी राहिली. सर तिथेच बसून काहीतरी शोधत होते. मुलगी अंगाने एवढीशी, पण आवाज खणखणीत.

"सर, मला भांडायचं नाहीये. मी नेमकं काय करायला हवं होतं एवढंच मला कळायला हवंय."

तिने तीन छापील कागद मांडले. पहिल्या खर्ड्यावरचा शेरा: 'नकाशा शेवटी लपवला आहे, पहिल्या पानावर आण.' तिने आणला होता. दुसऱ्या खर्ड्यावरचा शेरा: 'नकाशा छोटा करून निष्कर्षाजवळ दे.' तिने तेही केलं. अंतिम अहवालावर नकाशाला दहापैकी दोन गुण, आणि शेरा: 'पहिल्या पानावरचा नकाशा का काढून टाकला?'

"अकरा दिवस मी त्या चौकात उभी राहून माणसं मोजली," ती म्हणाली. "एकूण सव्वीस पडले. क्षेत्र-प्रकल्पाला तीस लागतात. येत्या शुक्रवारी समिती यादी पक्की करणार. सर, तुम्ही जे जे सांगितलंत तेच मी केलं."

क्षेत्र-प्रकल्प म्हणजे शेवटच्या वर्षातलं खरं काम. वीसच जणांना घेतात, ज्यांना पुढे नकाशांचंच काम करायचंय त्यांना. तो हुकला की वर्षभर नुसती पुस्तकं.

सरांनी तिन्ही कागद एकाखाली एक लावले आणि बराच वेळ पाहिले. मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, "अगं, हे तर खरंच विचित्र आहे." मग माझ्याकडे वळून, "बाई, हे मीच लिहिलं होतं?"

"तुम्हीच लिहिलेलं, सर," मी ताडकन म्हटलं. "मी माझ्या पदरचं कशाला घालू?" आणि ते खरंही होतं. पदरचं मी कधीच काही घातलं नव्हतं.

मुलगी गेली. सर खुर्चीवरून हलेनात. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटत नव्हतं, त्यांना कोडं पडलं होतं. "मी एकाच गोष्टीवर दोन वेळा दोन बोललो असेन, तर इतरांच्या बाबतीतही बोललो असणार. हे मोजून पाहायला हवं." विभागप्रमुखांच्या कानावर प्रकरण गेलं होतंच. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, शेऱ्यांबद्दलची ही दुसरी तक्रार आहे, प्रकल्प तुमच्याकडे ठेवायचा की नाही तेही शुक्रवारी ठरेल. तो प्रकल्प सरांनीच दहा वर्षांपूर्वी सुरू केलेला. बाहेर येऊन सर मला म्हणाले, "बाई, एक काम कराल? थोडं चोरटं आहे."

दुसऱ्या तुकडीचे तीस अहवाल तपासायचे बाकी होते. त्यात मी गेल्या वर्षीचे, त्यांनीच तपासलेले सहा अहवाल मिसळायचे होते. कोणते सहा ते त्यांना सांगायचं नाही. म्हणजे ते स्वतःचीच परीक्षा घेणार आणि पेपर मी काढणार. खरं सांगते, सव्वीस वर्षांत कामात इतकी मजा आली नव्हती. मी मुखपृष्ठं नवी छापली, चौकांची नावं बदलली, जुन्या टाचण्यांचे गंजाचे डाग कापून काढले. सरांची नजर घारीची, म्हणून पानांच्या कडासुद्धा घासल्या. गठ्ठा घेऊन ते घरी गेले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता मावत नव्हती.

गठ्ठा परत आणायला रविवारी दुपारी मी आमच्या ह्यांना स्कूटर काढायला लावली. सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पलंगावर, खिडकीत, जमिनीवर उघडे अहवाल. सर आतल्या खोलीत शेवटचे निष्कर्ष संपवत होते. बाहेर त्यांचे वडील बसले होते, पुढ्यात इवल्या इवल्या खणांचं टेबल. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस.

"तुम्हीच का त्याचे शेरे टाइप करणाऱ्या?" त्यांनी विचारलं. "या, बसा. त्याचं अक्षर माझ्यावर गेलंय, माफ करा."

त्यांनी एक खण ओढून जुन्या चिठ्ठ्या दाखवल्या. गिऱ्हाइकाच्या घड्याळाला बांधायच्या. वरची ओळ: कमान उत्तम, चाकं साफ. खालची ओळ: मिनिटकाटा बदलावा.

"आधी काय चालतंय ते लिहायचं," म्हातारबुवा म्हणाले. "नुसता बिघाड सांगितला की गिऱ्हाईक म्हणतं, मरू दे, टाकून देतो. काय चालतंय ते कळलं की दुरुस्तीला थांबतं. आणि कुठे हात लावायचा नाही तेही त्याला समजतं. शाळेतून आला की हाच लिहायचा चिठ्ठ्या. अजून तसंच लिहितो ना? तुमच्या हातून जातात सगळ्या, तुम्हाला ठाऊकच असेल."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण माझी नजर त्या वरच्या ओळीवरून हलेना.

सर बाहेर आले. मी सहा अहवाल वेगळे काढले आणि गेल्या वर्षीचे गुण शेजारी मांडले. चार ठिकाणी गुण तेच. दोन ठिकाणी एकेका गुणाचा फरक. सरांनी आनंदाने उडी मारायला हवी होती. ते डोकं खाजवत बसले. "मी तर बदललेलो नाही, बाई. आणि ती मुलगीही खोटं बोलत नाही, तिच्याकडे कागद आहेत. मग गडबड कुठे आहे?"

सोमवारी सकाळी कुणी यायच्या आत मी माझा खण उघडला. मी काही टाकत नाही, तीन वर्षांच्या चिठ्ठ्या गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या. मुलीच्या दुसऱ्या खर्ड्याची चिठ्ठी काढली. सरांनी लिहिलं होतं: 'पहिल्या पानावरचा नकाशा आता बोलतो, त्याला हात लावू नकोस. वाचणारा शेवटापर्यंत पोचताना तो विसरेल, म्हणून त्यातला चौकाचा भाग छोटा करून निष्कर्षाजवळही दे.' आणि पडद्यावर मी भरलं होतं: 'नकाशा छोटा करून निष्कर्षाजवळ दे.'

समोरचे शब्द आपणच टाइप केलेले असतात, आणि तरी त्यांच्याकडे बघवत नाही, असं मला पहिल्यांदाच झालं. मग मी त्याच गठ्ठ्यातल्या बाकीच्या चिठ्ठ्या वाचत गेले. 'तक्ता इतका स्वच्छ आहे की...', 'प्रश्न विचारायची तुझी पद्धत मला आवडली...', 'सकाळची आणि संध्याकाळची गर्दी वेगळी मोजलीस, हे वर्गात कुणाला सुचलं नाही...' बेचाळीस चिठ्ठ्या, आणि एकेचाळीस वेळा मी पहिलं वाक्य उडवलेलं. त्यात करण्यासारखं काही नसतं, म्हणून. नुसते दोष तेवढे मी तीन वर्षं त्या रकान्यात भरत आले होते.

मी सांगितलं का लगेच? नाही. खोटं कशाला बोलू? निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, नोंदवहीत एक डाग नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. मंगळवारी जेवताना ह्यांना सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे गं, कुणाला कळणार आहे. हे घास गिळून म्हणाले, "तू कापलंस ना? मग तूच शिव." आणि आमटी वाढून घेतली. असा राग आला मला त्यांचा.

बुधवारी सरांनी समितीला द्यायचं पत्र टाइप करायला आणलं. नेहमीचं अक्षर, नेहमीचा कागद. 'मी दिलेल्या सूचना परस्परांशी विसंगत होत्या. कारण मला सापडलेलं नाही, तरी विद्यार्थिनीचं नुकसान माझ्यामुळे झालं आहे हे मान्य करतो. प्रकल्पाची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्यावी, पण तिला प्रवेश मिळावा.'

तिसऱ्या ओळीपर्यंत मी टाइप केलं. मग हात उचलला.

"सर, हे पत्र मी टाइप करणार नाही. गडबड माझ्यात आहे."

मी चिठ्ठी आणि छापील कागद शेजारी शेजारी ठेवले. सरांनी वाचलं. मग मी गठ्ठाच त्यांच्यापुढे सरकवला. ते एकेक चिठ्ठी पडद्याशी ताडून बघत राहिले. मी वाट पाहत होते की आता ओरडतील, आता ओरडतील.

"तुम्ही दर वेळी पहिलंच वाक्य काढलंत," ते म्हणाले. "का?"

"मुलांनी काय करायचं ते दुसऱ्या वाक्यात असायचं. पहिल्यात नुसतं कौतुक."

"अच्छा." त्यांनी मान हलवली, खरंच नवीन काही कळल्यासारखी. "हे मला कधी सुचलंच नसतं." बाहेर तास सुटला होता, मुलं बोलत, हसत दारावरून जात होती. सर त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं यांना वाटतंय की मला यांचं काहीच आवडत नाही."

मला रडू कोसळलं. एवढं वय झालं, आणि विभागात, भर दुपारी. ते रागावले असते तर मला परवडलं असतं.

मुलीला बोलावलं. चिठ्ठी तिला वाचता येईना, म्हणून मीच वाचून दाखवली. 'आता बोलतो'पाशी तिने मला थांबवलं.

"बोलतो म्हणजे? चांगला होता?"

"वर्गातला सगळ्यात चांगला," सर म्हणाले.

"मला वाटलं, तुम्हाला आवडला नाही म्हणून छोटा करून मागे टाकायला सांगताय." ती फोल्डरची कड नखाने खरवडत राहिली. "मी तो फाडून टाकला, सर. घरी."

"दुसरा खर्डा विभागात जमा आहे," मी म्हटलं. "त्याच्या पहिल्या पानावर तुझा नकाशा आहे. मी काही टाकत नाही." हे सांगताना मला जरा श्वास घेता आला.

शुक्रवारी विभागप्रमुख म्हणाले, बाई, तुम्ही आत यायची गरज नाही, सर बोलतील. मी म्हटलं, कापलंय मी, सर काय बोलणार? आत पाच माणसं होती. मी सगळं सांगितलं, रकाना, फोन, तीन वर्षं, आणि सोमवार-मंगळवारचं गप्प राहणंही. समितीच्या अध्यक्ष बाईंनी दुसऱ्या खर्ड्यावरचा नकाशा ग्राह्य धरायचं ठरवलं. इतर पाच नकाशांमध्ये मिसळून तो पुन्हा तपासला गेला. दोनाचे आठ झाले, सव्वीसचे बत्तीस. मुलीचं नाव यादीत आलं, प्रकल्प सरांकडेच राहिला. जी मुलं अजून विद्यापीठात आहेत त्यांना तीन वर्षांचे पूर्ण शेरे पाठवायचे, आणि ते काम अर्थातच माझं, असंही ठरलं.

मग माझी पाळी. माझ्या नोंदवहीत नोंद होणार होती, आणि त्यासाठी एक कागद होता. त्यावर 'संबंधित शिक्षकाचा अभिप्राय' अशी मोकळी जागा. सरांनी तिथेच बसून एका चिठ्ठीवर दोन वाक्यं लिहिली आणि पुढे दिली. अध्यक्ष बाईंनी चिठ्ठी सरळ धरून पाहिली, उलटी धरून पाहिली, शेजारच्यांना दाखवली. शेवटी त्यांनी ती माझ्याकडे दिली. "बाई, हे तुम्हालाच टाइप करावं लागणार."

मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. दार लोटून घेतलं. चिठ्ठीत लिहिलं होतं:

'यांच्या हाती दिलेला एकही कागद आजवर हरवला नाही, आणि कुणी बोट दाखवण्याआधी यांनी आपली चूक स्वतः सांगितली. इथून पुढे दुसऱ्याचं लिहिलेलं कापण्याआधी त्याला विचारावं.'

पहिलं वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नका. त्यानंतर दुसरं वाचायला मला जड गेलं नाही. दोन्ही टाइप केली, खाली माझी सही केली, आणि कागद आत नेऊन दिला.